नर्सिंग झालं, पहिल्या नोकरीआधी कोणतं खास प्रशिक्षण घ्यावं? कोकणातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यात नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. त्याआधीची बरीच वर्षं लेबर रूममध्ये आणि नवजात बाळांच्या कक्षात गेली. निकाल लागला की दरवर्षी फोन सुरू होतात. कधी मुलगी बोलते, कधी तिचे बाबा. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

स्पेशालिटी ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. पहिली म्हणजे एक ते तीन दिवसांची कौशल्य-प्रशिक्षणं: बीएलएस (हृदय-श्वास थांबल्यावरचे प्राथमिक उपाय), एसीएलएस (त्याचीच औषधं-ईसीजीसह पुढची पायरी), नवजात बाळाचं पुनरुज्जीवन. दुसरी म्हणजे एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. क्रिटिकल केअर, नवजात शिशू, ऑपरेशन रूम, कर्करोग, मानसिक आरोग्य, आपत्कालीन सेवा, रीनल (मूत्रपिंडाचे आजार) असे त्याचे विषय असतात. हे अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते. तिसरी म्हणजे दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. त्यात मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा पाच शाखा आहेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला आधी नोंदणी लागते. एम.एस्सी.ला वर्षभराचा अनुभवही लागतो आणि पोस्ट बेसिक डिप्लोमालाही बहुधा तो मागतात. म्हणजे 'नोकरीआधी' खरोखर हातात असतो तो पहिला प्रकार, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इंटर्नशिप.

इंटर्नशिपमध्ये तर नुसतं काम करून घेतात. तिथे काय शिकणार?

काम करून घेतात हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षातले ते महिने किंवा बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर यासारखी संधी पुन्हा मिळत नाही. चूक झाली तर पाठीशी सिस्टर उभी असते आणि प्रश्न विचारला तर कोणी हसत नाही. पहिल्या पगारानंतर तोच प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही.

२०२१च्या नियमावलीनुसार बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच काही प्रशिक्षणं सक्तीची आहेत: प्रथमोपचार, हृदय-श्वास थांबल्यावरचं बीसीएलएस, आजारी बालकांसाठीचं आयएमएनसीआय, प्रसूतीसाठीचं एसबीए, पॅलिएटिव्ह केअर (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा). माझ्याकडे येणारी मुलं बाहेरच्या कोर्सची चौकशी करतात तेव्हा मी आधी विचारते, "हे कॉलेजात झालंय ना? मग पुतळ्यावर बॅग-मास्क (तोंडावर मास्क धरून पिशवी दाबून श्वास देणं) करून दाखव." निम्म्या वेळा मास्कच्या कडेने हवा जाते. लॉगबुकात सही असते, हातात काही नसतं. आधी ती सही खरी करून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

पास झाल्यावर थेट आयसीयूत जाऊ की जनरल वॉर्डात?

मिळत असेल तर आधी सहा महिने ते वर्षभर मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्ड करा. आयसीयूत मॉनिटर सांगतो की प्रेशर पडलंय. वॉर्डात तीस पेशंटांतला कोणता पेशंट आज 'बरा दिसत नाही' हे तुमच्या डोळ्यांनाच कळावं लागतं. ही नजर एकदा बसली की आयसीयूतल्या मशीन महिन्याभरात शिकता येतात. उलट वाटेने गेलेल्या मुली मॉनिटरचा आवाज बंद करायला लवकर शिकतात आणि पेशंटच्या कपाळावर हात ठेवायला उशिरा.

थेट आयसीयूतच पोस्टिंग मिळालं तर घाबरून नोकरी सोडू नका. पहिले काही आठवडे अनुभवी सिस्टरबरोबर जोडीने ड्युटी द्याल का, एवढं मुलाखतीतच विचारा. 'पहिल्या दिवसापासून दोन व्हेंटिलेटर तुझे' असं उत्तर आलं तर ती जागा नवख्यांसाठी नाही.

गावाकडेच राहून काम करायचं आहे. कोकणात कोणतं प्रशिक्षण सर्वात उपयोगी?

याचं उत्तर थोडं लांबणार आहे.

आपल्याकडचा गंभीर पेशंट बहुतेक वेळा वाटेत असतो. उपकेंद्रातून पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), पीएचसीतून ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, आणि मग कोल्हापूर, मुंबई किंवा सावंतवाडी-दोडामार्गाकडून गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय. आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत, परिस्थिती बदलते आहे. पण घाट तिथेच आहेत आणि पाऊसही तिथेच आहे. या वाटेतल्या तासांत डॉक्टर नेहमी सोबत नसतो. सिस्टर असते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कोकणातल्या नर्सची पहिली स्पेशालिटी म्हणजे पेशंट सुखरूप पोचवणं. या नावाचा कोर्स मिळणार नाही. त्याचे तुकडे गोळा करावे लागतात.

पहिला तुकडा ऑक्सिजनचा. रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. बी-टाइपचा भरलेला सिलिंडर म्हणजे साधारण १,५०० लिटर. पेशंटला मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तो ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास चालतो. १० लिटर लागत असेल तर अडीच तासच. पावसात घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर अडीच तासांत तुम्ही कुठे असाल? हे गणित गाडीत बसण्याआधी करायचं आणि गेज स्वतः बघायचं. 'भरलाय हो सिस्टर' या उत्तरावर निघायचं नाही.

दुसरा तुकडा बाळंतिणीचा. झटके आलेल्या गरोदर बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देतात. दोन्ही नितंबांत खोल स्नायूत ५-५ ग्रॅम, एकूण १० ग्रॅम. मग कुशीवर झोपवून न्यायचं आणि वाटेत गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी पाहत राहायचं. श्वास मिनिटाला १६च्या खाली जाता कामा नये, लघवी तासाला ३० मिलीच्या खाली नको, आणि त्या औषधावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट पिशवीत हवंच. पुस्तकात हे सगळं आहे. हलत्या गाडीत, टॉर्चच्या उजेडात रिफ्लेक्स पाहण्याचा सराव मात्र कोणी देत नाही. लेबर रूमची पोस्टिंग असेल तेव्हा सिस्टरकडे हट्ट धरून तो करून घ्या.

तिसरा तुकडा बाळाचा. न रडलेल्या बाळाला पुसून, ऊब देऊन, मान नीट ठेवून पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क सुरू व्हायला हवा. शासनाच्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण यासाठीच आहे. संधी आली तर सोडू नका, आणि आली नाही तर जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या कक्षातल्या) पोस्टिंगमध्ये जास्तीचे दिवस मागून घ्या. अडीच किलोच्या आतलं, पण स्थिर असलेलं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून न्यायचं, ही कांगारू पद्धत रुग्णवाहिकेतही चालते. जुन्या गोधडीत गुंडाळून आणलेली थंडगार बाळं मी खूप पाहिली आहेत. त्यांच्यातली काही वाटेतल्या गारठ्यानेच गेली.

साप-विंचवासाठी वेगळा कोर्स असतो का?

स्वतंत्र डिप्लोमा नाही. आपत्कालीन विभागातल्या पोस्टिंगमध्येच हे शिकायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत, आणि फुरसं तर रत्नागिरीच्या कातळावर पूर्वापार ओळखीचं.

नर्सने पक्की करायची गोष्ट म्हणजे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. साधारण दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये घ्यायचं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. मग ट्यूब एकदाच तिरकी करून रक्त गोठलंय की पातळच आहे ते बघायचं. ट्यूब प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. म्हणून चांगल्या वॉर्डात या ट्यूब वेगळ्या ठेवलेल्या असतात. तुमच्या वॉर्डात नसतील तर ठेवायला लावा. एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरची लस, सुरू करताना अॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवायचं, कारण रिअॅक्शन सांगून येत नाही. मण्यारीच्या दंशाला सूज-वेदना फारशी नसते. 'झोप येतेय' म्हणणाऱ्याच्या पापण्या जड झाल्या आहेत का ते बघा.

विंचवाबद्दल एक अभिमानाची गोष्ट. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं काम डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडसारख्या ठिकाणी राहून केलं आणि ते जगभर पोचलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेली नाडी या नोंदी वेळेवर झाल्या तरच अशा उपचाराचा उपयोग होतो, आणि त्या नोंदी ठेवते ती सिस्टर.

पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस) तसंच. ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत गोळे. लघवी किती झाली हे मोजून लिहिलेलं असेल तर किडनीवर आलेलं संकट एक दिवस आधी दिसतं. दोडामार्ग भागात काजूच्या हंगामात तापाचा पेशंट आला तर माकडतापाचा (जंगलातल्या गोचिडींमुळे होणारा ताप) विचार करा आणि जंगलात गेला होतात का, हे विचाराच.

बीएलएस, एसीएलएस बाहेरून करावं का? कार्ड किती दिवस चालतं?

अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं. बीएलएस जरूर करा. एक दिवसाचं काम आहे आणि मुलाखतीत विचारतात. एसीएलएस मात्र ईसीजी वाचता येऊ लागल्यावर करा, नाहीतर दोन दिवस स्लाइड बघून परत याल. कार्ड असो वा नसो, छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, किमान पाच सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास, हे दर महिन्याला पुतळ्यावर करत राहा.

डायलिसिसमध्ये नोकऱ्या आहेत असं ऐकलं. खरं का?

आहेत. २०१६मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांत ही सोय वाढली. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास तोच पेशंट तुमच्यासमोर असतो. ज्यांना माणसांशी नातं जोडायला आवडतं त्यांना हे काम मानवतं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या) हाताला प्रेशरचा पट्टा बांधायचा नाही, डायलिसिसखेरीज सुई टोचायची नाही, हा पहिला धडा. पण मशीन लावणं-काढणं एवढंच शिकून थांबू नका. रीनल नर्सिंगचा डिप्लोमा पुढे नक्की करा.

म्हाताऱ्या माणसांची सेवा ही पण स्पेशालिटी असते का?

असते, आणि माझ्या मते कोकणात हीच सर्वात दुर्लक्षित आहे. वाड्याच्या वाड्या अशा आहेत की पोरं मुंबईत, गणपती-शिमग्याला येणार, आणि घरात सत्तरी-ऐंशीची दोघं. पक्षाघात झालेल्या आजोबांना दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या बाईच्या जखमेचा वास कमी कसा करायचा, मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर कशा द्यायच्या, बद्धकोष्ठ कसा टाळायचा, हे त्या घराला शिकवणारं कोणी नसतं.

पॅलिएटिव्ह केअरचे नर्ससाठीचे छोटे प्रमाणपत्र-कोर्स आहेत. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था त्यात अनेक वर्षं काम करते आहे. कर्करोगाकडेच जायचं असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमधला ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा डिप्लोमा आहे.

या कामात बोली येणं हेही कौशल्यच आहे. कुडाळजवळच्या एका आजींनी माझा हात धरून सांगितलं होतं, "बाय, माझो झील मुंबयत आसा, तेका सांगू नको." त्यांना आजार लपवायचा नव्हता, मुलाचा रोजगार बुडू द्यायचा नव्हता. प्रमाण मराठीत प्रश्न विचारले असते तर हे कधी बाहेर आलं नसतं. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, जे तुमच्या घरात बोलतात ते वॉर्डात बोलायला लाजू नका.

मुलांनी, म्हणजे ब्रदरनी, कोणती शाखा घ्यावी?

जी आवडेल ती. ऑपरेशन थिएटर, कॅज्युअल्टी, ऑर्थो, मानसिक आरोग्य इथे ब्रदरना लवकर जागा मिळतात. पण 'उचलायला माणूस हवा' म्हणून नेमणूक होत असेल तर स्क्रबचं (ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हाताशी अवजारं देण्याचं) कामही शिकवणार का, हे विचारून घ्या.

एका खासगी संस्थेत सहा महिन्यांचा आयसीयू कोर्स आहे, नोकरीची हमी देतात. घेऊ का?

हा प्रश्न आला की माझा जीव तुटतो. माझ्याच एका विद्यार्थिनीच्या आईने गळ्यातलं गहाण ठेवून अशा कोर्सची फी भरली. प्रमाणपत्र चकचकीत होतं. कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवायला गेल्यावर ते चालणार नाही असं कळलं, आणि 'हमीची नोकरी' म्हणजे नोंदणीकृत नर्सकडून मदतनीसाच्या पगारात काम. ती मुलगी हुशार होती. ते सहा महिने तिने एखाद्या चांगल्या वॉर्डात पगार घेऊन काढले असते.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला मान्य आहे का? प्रत्यक्ष पेशंटजवळ किती तास, आणि कोणत्या रुग्णालयात? मागच्या तुकडीतल्या दोघींशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून या. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी परत आणा.

मग शिकायला मुंबईलाच जावं का?

दोन-तीन वर्षं जरूर जा. केईएम, सायन, नायर, जेजे, वाडिया अशा ठिकाणी एका महिन्यात जे दिसतं ते इथे वर्षात दिसत नाही. राहण्याचा खर्च आधी जोडा. पगारातली खोली आणि लोकलचा पास गेल्यावर काय उरतं ते कागदावर लिहा. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, घराजवळ राहून चांगलं शिकायचं तर तिकडेही बघा. आणि मुंबईला गेलात तर शिकलेलं घेऊन परत या, एवढं मागणं मी हक्काने मागते.

सरकारी भरतीत या प्रशिक्षणाचा फायदा होतो का?

थेट गुण क्वचितच मिळतात, पण परीक्षेतले प्रश्न सोडवताना होतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बी.एस्सी. झालेले थेट बसू शकतात. जीएनएम असेल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून जीएनएमच्या मुलींनी पहिली नोकरी धरतानाच त्या रुग्णालयात खाटा किती, हे बघावं आणि अनुभवाचा दाखला नीट लेटरहेडवर घ्यावा. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं असेल तर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. ज्यांना लेबर रूम सोडवत नाही त्यांच्यासाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा १८ महिन्यांचा मार्ग आहे.

परदेशी जायचंय. कोणती स्पेशालिटी चालते?

आयसीयू, ओटी, डायलिसिस, इमर्जन्सी यांना मागणी असते, पण अनुभव आणि भाषा आधी. जर्मनीसाठी जर्मन भाषा बहुधा बी-टू पातळीपर्यंत लागते, अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स ही परवाना-परीक्षा, आखातात परवाना-परीक्षा आणि कागदांची पडताळणी. एजंट तोंडी सांगतो ते करारात आहे का, हे वाचल्याशिवाय सही नको.

औषधांच्या गणिताची फार भीती वाटते. यासाठी काही करता येईल?

करता येईल, घरी बसून, फुकट. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा आहे, म्हणजे एका मिलीचे २० थेंब. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. रोज अशी पाच गणितं महिनाभर सोडवा. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, तीच गणितं त्याच्यावर पुन्हा करा. आणि एक गोष्ट हाडात भिनवून ठेवा: पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. नेहमी पातळ करून, हळू. नाईटला तीन वाजता डोळे मिटत असताना डोस काढावा लागला तर दुसऱ्या सिस्टरला उठवून तपासायला सांगा. ती चिडेल, चिडू दे.

वीज गेली, पूर आला, अशा वेळचं शिक्षण कुठे मिळतं?

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडीला एकच सराव करायला लावते. वर्गातले दिवे बंद करायचे आणि सांगायचं की व्हेंटिलेटर थांबलाय. अॅम्बू (हाताने श्वास देण्याची पिशवी) कुठे आहे? हाताने श्वास किती वेळ देऊ शकता? दर किती मिनिटांनी हात बदलायचा? सिलिंडरची चावी कोणाकडे? पहिल्या खेपेला दोन-तीन मिनिटं नुसता गोंधळ होतो. चौथ्या खेपेला अर्ध्या मिनिटात बॅग पेशंटच्या तोंडावर असते. नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात हे चार प्रश्न स्वतःला विचारा.

रुजू होण्याआधी स्वतःसाठी काय करून ठेवू?

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पूर्ण करा. त्याशिवाय नर्स म्हणून काम धरू नका, 'नंतर बघू' म्हणणाऱ्याकडे तर नाहीच. हिपॅटायटिस बीच्या तिन्ही लसी, म्हणजे आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, पूर्ण झाल्या आहेत का ते कार्ड काढून बघा. शिकायला लागल्यावर पहिली घेतलेली आणि तिसरी विसरलेली मुलं दर वर्षी सापडतात. शक्य असेल तर नंतर अँटीबॉडी तपासा, पातळी १० किंवा जास्त हवी.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात. तरीही टोचलीच, तर जखम दाबायची-पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच इनचार्जला सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. नव्या मुली ओरडा बसेल म्हणून लपवतात. माझ्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रडत फोन केला होता. तेव्हाही उशीर झालेला नव्हता. त्याच रात्री पहिला डोस घेतला, आज ती ठीक आहे. म्हणून रुजू व्हाल त्या दिवशी, हजेरीच्या वहीत सही केल्यावर, ती औषधं रात्री कोणाकडे मिळतात ते विचारा आणि नंबर फोनमध्ये टाकून ठेवा.